‘चौकशी सुरू आहे’ म्हणजे नेमकं काय? सिंचन घोटाळ्याच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाच्या लाभक्षेत्रातला. ‘लाभक्षेत्र’ हा सरकारी शब्द, लाभाचं सोडून द्या. गेली काही वर्षं चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत एकच प्रश्न कानावर येतो, “त्या चौकशीचं काय झालं जी?” तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

हा सिंचन घोटाळा म्हणजे मुळात काय होतं?

2011-12 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत एक आकडा आला. सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण दशकभरात 17.8 टक्क्यांवरून 17.9 टक्क्यांवर गेलं होतं. वाढ 0.1. याच काळात सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी खर्च झाल्याची चर्चा सुरू झाली आणि हे दोन आकडे एकमेकांना कायमचे चिकटले. त्याच वर्षी मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं पत्र बाहेर आलं. फुगवलेल्या किमती आणि निकृष्ट काम यांबद्दल खात्यातलाच माणूस बोलत होता.

विदर्भापुरतं बोलायचं तर 2009 मध्ये काही महिन्यांत 38 प्रकल्पांची किंमत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर नेण्यात आली. आमच्या गोसीखुर्दची मूळ किंमत 372 कोटी. एप्रिल 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढे सुधारत सुधारत तीच किंमत 18,494 कोटींपर्यंत पोचली. अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं. किंमत वाढण्याला भूसंपादन, पुनर्वसन, महागाई अशी खरी कारणंही असतात, आणि खरं कारण कुठे संपतं नि खाबूगिरी कुठे सुरू होते, हे शोधायलाच चौकशी हवी होती.

चौकशी कुणाकुणाने केली?

समित्या पुष्कळ झाल्या. वडनेरे, मेंढेगिरी ही नावं आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ होती. 25 सप्टेंबर 2012 ला उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला. 1999 ते 2009 या काळात जलसंपदा खातं त्यांच्याकडे होतं. नोव्हेंबरअखेर सरकारने श्वेतपत्रिका काढली, 0.1 ऐवजी 5.17 टक्के वाढ दाखवली आणि 7 डिसेंबरला ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. आरोप त्यांनी कायम नाकारले.

मग माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. चितळे म्हणजे 1993 चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळालेले जलतज्ज्ञ, त्यांच्या अधिकाराबद्दल कुणाला शंका नव्हती. पण मंत्र्यांची जबाबदारी निश्चित करणं हे काम त्यांच्याकडे दिलेलंच नव्हतं! लोक मात्र दीड वर्ष नेमकी त्याचीच वाट पाहत बसले. अहवाल जून 2014 मध्ये विधिमंडळात मांडला गेला, तेव्हा गावोगाव एकच सूर, “मॅनेज झालं.” मॅनेज झालं की नाही ते बाजूला राहू द्या. ज्या प्रश्नाचं उत्तर मागितलेलंच नव्हतं ते अहवालात सापडणार कसं? चौकशीची कार्यकक्षा पहिल्या दिवशी वाचली असती, तर हा अपेक्षाभंग टळला असता.

डिसेंबर 2014 मध्ये सरकार बदललेलं होतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, म्हणजे एसीबीला, उघड चौकशीची परवानगी मिळाली. 2015-16 पासून गुन्हे नोंदले जाऊ लागले, आधी कोकणातलं बाळगंगा धरण, मग गोसीखुर्द. आरोपींच्या यादीत अभियंते आणि कंत्राटदार होते.

नाव ‘उघड चौकशी’, मग आम्हाला काहीच उघड का होत नाही?

हा शब्द सगळ्यांनाच फसवतो. एसीबीत आधी ‘गुप्त चौकशी’ होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला पत्ता लागू न देता कागद आणि माहिती जमवतात. त्यात दम वाटला तर ‘उघड चौकशी’. आता त्या माणसाला बोलावतात, जबाब घेतात, खात्याकडून अधिकृतपणे फाइल मागवतात. म्हणजे चौकशी उघड होते ती त्याच्यासाठी. तुमच्या-माझ्यासाठी दार बंदच. या दोन्ही टप्प्यांवर गुन्हा दाखल झालेला नसतो, हेही ध्यानात ठेवा.

एवढी लपवाछपवी कशाला? चोराला कळलं तर कळू दे!

धरणाच्या कामात एमबी नावाची वस्तू असते, मोजमाप पुस्तक. किती माती काढली, किती काँक्रीट ओतलं, हे कनिष्ठ अभियंता त्यात शाईने लिहितो, वरचा अधिकारी तपासून सही करतो आणि त्या नोंदीवर बिल निघतं. पानांना छापील क्रमांक असतात. न खणलेली माती कागदावर खणायची असेल तर ती याच पुस्तकात खणावी लागते. आता समजा, तपास अधिकारी अमुक किलोमीटरच्या कालव्याची एमबी शोधतोय असं सकाळी छापून आलं. संध्याकाळपर्यंत ती ‘वाळवी लागल्याने नष्ट’ झालेली असते. आमच्याकडे वाळवी फार शहाणी. बरोबर फाइल निवडते.

दुसरं कारण साक्षीदार. तो बहुतेकदा त्याच साहेबाच्या हाताखाली काम केलेला असतो. त्याचं नाव फुटलं की त्याची बदली कुठे होईल ते सांगायला नको. तिसरं कारण लोकांना पटत नाही, पण आहे. चौकशीत नाव आलेला प्रत्येक जण दोषी नसतो, आणि गावात एकदा गेलेली अब्रू ‘पुरावा नाही’ अशा दोन शब्दांनी परत येत नाही.

तपासाची रोजनिशी, म्हणजे केस डायरी, कायद्यानेच गोपनीय आहे. न्यायालय ती मागवू शकतं. एरवी आरोपीलाही ती पाहता येत नाही.

मग आम्ही नुसता धीर धरायचा?

धीर धरायला माझी ना नाही. पण धीर म्हणजे उधारीच. किराणा दुकानदारसुद्धा उधारी देताना नाव आणि तारीख लिहून घेतो.

पुरावा काय, साक्षीदार कोण, उद्या छापा कुठे, हे गुप्त राहिलंच पाहिजे. पण कार्यकक्षा काय, अधिकारी कोण, किती निविदा तपासणार, मुदत कधीची, मुदत वाढली तर कशामुळे, आणि शेवटी काय ठरलं, यातल्या कशानेही तपास बिघडत नाही. आपल्याकडे नेमकं उलट घडतं. साक्षीदाराचा जबाब वाहिन्यांवर ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ फिरतो आणि मुदतवाढीचा साधा आदेश मात्र कुलपात असतो.

2018 आणि 2019 मध्ये एसीबीने दोन उलटी प्रतिज्ञापत्रं दिली म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि लोकांचा विश्वास कशाने तुटला असं कुणी विचारलं तर मी याच पानावर बोट ठेवीन.

नोव्हेंबर 2018 मध्ये एसीबीच्या महासंचालकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र दिलं. शासनाच्या कार्यनियमावलीतल्या नियम 10 नुसार खात्याच्या कारभाराची जबाबदारी मंत्र्यावर असते, या आधारावर त्यात तत्कालीन मंत्र्यांकडे बोट होतं. बरोबर वर्षाने, नोव्हेंबर-डिसेंबर 2019 मध्ये, त्याच विभागाने त्याच न्यायालयात सांगितलं की कार्यान्वयन करणाऱ्या यंत्रणांच्या कृत्यांसाठी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या अध्यक्षांना जबाबदार धरता येत नाही. महामंडळाचे अध्यक्ष म्हणजे पुन्हा मंत्रीच.

मधल्या काळात काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. 23 नोव्हेंबर 2019 ला अजित पवारांचा उपमुख्यमंत्री म्हणून पहाटेचा शपथविधी, तीन दिवसांत राजीनामा, 28 तारखेला नवं सरकार. तुम्ही म्हणाल, संबंध स्पष्टच आहे. मी तेवढं म्हणणार नाही. कायद्याच्या त्याच नियमाचे दोन अर्थ लागू शकतात, नवा अधिकारी जुन्याशी असहमत होऊ शकतो. पण असहमतीला कारण लागतं. मधल्या वर्षात कुठला नवा कागद सापडला? कुठला साक्षीदार फिरला? जुनं मत चुकलं असेल तर ते नेमकं कुठल्या परिच्छेदात? हे लोकांना सोप्या मराठीत कुणी बसून सांगितलं असतं तर निम्म्या जणांनी तरी ऐकून घेतलं असतं. कुणी सांगितलं नाही. मोकळ्या जागेत मग लोकांनी आपापला तर्क बसवला, आणि तर्काला प्रतिज्ञापत्र लागत नाही.

पण 25 नोव्हेंबर 2019 ला 70 हजार कोटींना क्लीन चिट मिळाली ना?

नाही. त्या दिवशी नऊ प्रकरणांची चौकशी बंद झाली. सुमारे तीन हजार निविदा तपासल्या जात होत्या, त्यांतल्या या नऊ. त्यांचा अजित पवारांशी संबंध नाही आणि नवी माहिती आली तर त्या पुन्हा उघडता येतील, असं एसीबीने त्याच दिवशी सांगितलं. पण सांगितलं कधी? मोबाइलवर ‘सगळं माफ’ फिरून झाल्यावर. नऊ प्रकरणं बंद करायची होती तर सकाळी दहाला स्वतःच दोन परिच्छेदांचं निवेदन काढायला काय लागत होतं? तेही सत्तेवरून सगळा देश महाराष्ट्राकडे डोळे लावून बसलेला असताना. कागद फुटल्यावर दिलेला खुलासा खरा असला तरी खोटा वाटतो.

‘क्लीन चिट’ म्हणजे कायद्याने काय?

कायद्यात असा शब्दच नाही. गुन्हा नोंदल्यानंतर तपास बंद करायचा असेल तर महाराष्ट्रात पोलीस ‘समरी’ मागतात. अ समरी म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. ब समरी म्हणजे तक्रारच खोटी, द्वेषाने केलेली. क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार, खरीही म्हणता येत नाही नि खोटीही. तिघांतला फरक जमीन-अस्मानाचा आहे. पुढच्या वेळी ‘क्लीन चिट’ असा मथळा दिसला की आधी विचारा, कुठली समरी? आणि न्यायालयाने ती स्वीकारली का? पोलीस फक्त मागतात, स्वीकारायची की नाही ते न्यायालय ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगून ठेवलंय की स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

एफआयआर आणि दोषारोपपत्र आम्हाला बघता येतं का?

एफआयआर बहुतेक वेळा येतो. सप्टेंबर 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तो 24 तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो, संवेदनशील गुन्हे वगळून. आता ‘संवेदनशील’ ही पिशवी बरीच मोठी आहे. दोषारोपपत्र मात्र सर्रास संकेतस्थळावर टाकण्याची मागणी याच न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये फेटाळली. ईडीचं तर वेगळंच. त्यांचा ईसीआयआर, म्हणजे ईडीची एफआयआरसारखी अंतर्गत नोंद, आरोपीला देणंही बंधनकारक नाही, असा 2022 चा निकाल आहे.

माहितीच्या अधिकारात काही मिळतं का?

माझा अनुभव सांगतो. एका कार्यालयात मी अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच. कागदपत्रं मागितलीच नाहीत. आमच्या शाखा कालव्याच्या कामाची चौकशी कुठल्या टप्प्यावर आहे आणि मुदत किती वेळा वाढवली, एवढंच विचारलं. एकोणतिसाव्या दिवशी खाकी पाकीट आलं. पत्त्यात माझ्या आडनावाच्या दोन चुका, आत दीड ओळ: ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने माहिती देता येत नाही.’ खाली वाचता न येणारी सही. पाकिटावरचा टपालखर्च त्या दीड ओळीपेक्षा महाग होता.

हे उत्तर बहुतेकांना मिळतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबू नका. ‘न्यायप्रविष्ट’ हे कायद्यातलं कारणच नाही. न्यायालयाने ती माहिती देण्यास स्पष्ट मनाई केली असेल, तरच कलम 8(1)(ख) लागतं. दुसरी ढाल असते 8(1)(ज) ची, तपासात अडथळा येईल म्हणून. तिथे नुसतं ‘तपास सुरू आहे’ म्हणणं पुरत नाही, ही माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलंय. वीस रुपयांचं स्टॅम्प लावून तीस दिवसांत पहिलं अपील करा. मी केलं. सुनावणीत साहेबांनी चहा पाजला आणि मुदतवाढीच्या आदेशाची एक प्रत दिली. मुदतवाढीचं कारण: ‘प्रशासकीय’. पण कागद मिळाला.

एखाद्या यंत्रणेला माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 खाली सूट असली तरी भ्रष्टाचाराच्या आरोपांबाबतची माहिती त्या सुटीतून वगळलेली आहे, हे अपिलात आवर्जून लिहा.

मी तक्रारदार नाही, साधा शेतकरी आहे. मला विचारायचा हक्क काय?

फिर्यादी असाल तर हक्क पक्का आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे नव्वद दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवावी लागते. फिर्यादी नसाल तर वाट लांबची, पण आहे. सिंचनाचं सगळं प्रकरण न्यायालयात धरून ठेवलं ते नागपूरच्या ‘जनमंच’ या संस्थेने 2012 मध्ये केलेल्या जनहित याचिकेने. ती याचिका नसती तर ती दोन प्रतिज्ञापत्रंही जन्माला आली नसती, नि मला बोट ठेवायला पान मिळालं नसतं.

न्यायालयाने तपासावर लक्ष ठेवायची ही रीत जैन हवाला प्रकरणात, म्हणजे हवालामार्गे नेत्यांना पैसे दिल्याच्या आरोपाच्या प्रकरणात, रुळली. डिसेंबर 1997 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकदा आदेश देऊन मोकळं न होता प्रकरण जिवंत ठेवून यंत्रणेला वारंवार हिशेब विचारण्याचा मार्ग पक्का केला. तुमच्या आमदाराकडेही जा. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी टाकायला सांगा. छापील उत्तर येतं, आणि छापलेलं उत्तर फिरवायला जरा जड जातं.

‘सूत्रांकडून’ फुटलेली बातमी खरी धरावी का?

फुटलेला कागद खरा असला तरी अपुरा असतो, आणि फोडणाऱ्याचा काहीतरी हेतू असतोच. 2021 चं उदाहरण घ्या. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांवरच्या आरोपांची सीबीआयने उच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राथमिक चौकशी केली, एप्रिलमध्ये गुन्हा नोंदवला. ऑगस्टमध्ये त्या प्राथमिक चौकशीचा अहवाल म्हणून एक कागद फिरला, त्यात गुन्हा दिसत नाही असं मत होतं. झाली बोंबाबोंब. पुढच्याच महिन्यात सीबीआयने, माहिती फोडण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून, स्वतःच्याच एका उपनिरीक्षकाला अटक केली. भ्रष्टाचाराच्या चौकशीतच भ्रष्टाचाराचा आरोप! असा कागद हाती आला तर वाचा जरूर, पुढे ढकलू नका.

आयोग नेमला की अहवाल बाहेर येतोच ना?

चौकशी आयोग अधिनियम 1952 म्हणतो, सहा महिन्यांत कृती अहवालासह विधिमंडळात मांडा. त्याच देशमुख प्रकरणात नेमलेल्या न्या. चांदिवाल आयोगाने एप्रिल 2022 मध्ये अहवाल दिला. सहा महिने आले नि गेले, अहवाल काही पटलावर आला नाही. मुदत मोडली तर काय, हे कायद्यात लिहायचं राहून गेलंय.

किती वर्षं थांबायचं?

बोफोर्स तोफांच्या खरेदीचं गणित मांडतो. एप्रिल 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने बातमी दिली. 64 कोटींच्या लाचेचा आरोप. स्विस बँकांचे कागद भारतात यायला जानेवारी 1997 उजाडलं. दोषारोपपत्र ऑक्टोबर 1999. 2004 आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महत्त्वाचे आरोप रद्द केले, 2011 मध्ये दलालीचा आरोप असलेला इटालियन व्यापारी क्वात्रोची याच्यावरचा खटला बंद झाला. चोवीस वर्षं. तोवर कित्येक साक्षीदार आणि आरोपी वारले होते. स्विस न्यायालयातली झुंज खरोखरच लांबली होती, सगळा विलंब मुद्दाम नव्हता. पण कुठला विलंब मुद्दाम आणि कुठला नाईलाजाचा, हे बाहेरच्या माणसाला ओळखायला एकच खूण आहे. नाईलाजाचं कारण मागितल्याबरोबर मिळतं.

आपल्या कायद्यात काही मुदती आहेत, त्या वहीत लिहून ठेवा. अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायला 2018 पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 17अ खाली पूर्वपरवानगी लागते. निर्णय तीन महिन्यांत, फार तर आणखी एक महिना. खटला भरायला कलम 19 ची मंजुरी, तिलाही तेवढीच मुदत. ‘मंजुरी प्रलंबित’ असं दोन वर्षं ऐकू येत असेल तर तपास अडलेला नसतो, एखाद्या टेबलावरची फाइल अडलेली असते.

सगळे पक्ष सारखेच. मग विश्वास ठेवायचा कुणावर?

माणसावर ठेवू नका, कागदावर ठेवा. तारीख, जावक क्रमांक, सही.

आमचा कालवा अर्धवट आहे. चौकशी संपेपर्यंत काम होणारच नाही का?

परवा एका गावात गेलो होतो. कालव्याचं अस्तर जागोजाग फुगून उखडलेलं, भेगांतून बाभळी वर आलेल्या. उताराच्या सपाट भागावर एका बाईने तूर वाळत घातली होती. तिला विचारलं तर म्हणाली, “इथं बरं ऊन लागते. पाणी येते म्हणून सांगतात, आलं की उचलू.” कार्यालयात मात्र तिच्या मुलाला सांगितलं होतं की चौकशी सुरू असल्याने दुरुस्तीला हात लावता येत नाही.

हे सरसकट खरं नाही. चौकशीमुळे काम आपोआप थांबत नाही. न्यायालयाची स्थगिती असेल, किंवा पुरावा म्हणून एखादा टप्पा जसाच्या तसा ठेवायचा लेखी आदेश असेल, तरच थांबतं. तो आदेश मागा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज कार्यकारी अभियंत्याकडे वेगळा द्या, साखळी क्रमांक (कालव्यावरची नेमकी जागा सांगणारा) आणि फोटोसह. चौकशीबद्दलचा अर्ज वेगळा, वेगळ्या दिवशी. एकाच कागदावर दोन्ही लिहिलं की त्यांना दोन्हींना एकच उत्तर देता येतं. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का गोल हवा आणि त्यावर तारीख वाचता आली पाहिजे.